एक पट्टी कोरी

अण्णाला नीट मांडी घालून बसलेला मी कधी पाहिला नाही. जेवतानासुद्धा त्याचा एक गुडघा उभा असायचा, म्हणजे उठायला वेळ लागू नये. "ह्येच्या बुडाखाली निखारं हाईत," असं आप्पा म्हणायचे. आप्पा म्हणजे आमचे वडील, बेळगावच्या शहापुरातले विणकर. आमच्या धंद्यात मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर एका जागी बसावं लागतं, आणि नेमकं त्याच घरात हे असलं पोर जन्माला आलं. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला धरून बसवणारंही कुणी उरलं नाही.

खरं सांगायचं तर मी त्याचीच धाकटी बहीण. माझ्याही पायांत तेच होतं. फरक इतकाच, की त्याला उठून जाता येत होतं आणि मला येत नव्हतं. लग्न होऊन मी खानापूरकडे गेले आणि विसावं लागायच्या आत विधवा होऊन परत आले. त्यानंतर माझी हद्द ठरून गेली : माग, चूल आणि विहीर. गल्लीतल्या बायका तशा वाईट नव्हत्या. पण कुणाच्या घरी नव्या लुगड्याची घडी मोडायची असली की मी आतल्या खोलीत गेलेली बरी, असं त्यांना वाटायचं, आणि ते मला ऐकू येईल अशा बेतानं त्या बोलायच्या. मी चिडायचे. चिडून धोटा असा फेकायचे की आप्पा पलीकडच्या मागावरून ओरडायचे, "सूत तुटंल की गं! त्येनं काय केलंय तुजं?"

अण्णा अठराव्या वर्षी मागावरून उठला तो परत बसलाच नाही. कॅम्पातल्या एका मोटर मिस्त्रीकडे त्यानं काम धरलं, आणि काही वर्षांनी बेळगाव ते निपाणी स्वतःची सर्व्हिस मोटर सुरू केली. लाकडी बाकं, टपावर तंबाखूचे बोद म्हणजे मोठाले गठ्ठे, आणि आत शिंकणारी माणसं. त्या गाडीची एक गंमत होती. बाकीच्या गाड्या उशिरा सुटायच्या, आमच्या अण्णाची वेळेच्या आधी सुटायची. संकेश्वरला चहा प्यायला उतरलेली माणसं कप हातात घेऊन गाडीमागे धावलेली संकेश्वरकरांनी कितीदा तरी पाहिली आहेत. "अहो, पाच मिनटं हाईत अजून," असं कुणी म्हटलं की हा म्हणायचा, "मग ती पाच मिनटं फुडं घालवू या की."

निपाणीच्या तंबाखूवाल्यांना मुंबईला जायचं म्हणजे आधी बेळगाव गाठा, मग लोंढ्याकडून येणारी मेल धरा, मग पुण्यात ताटकळत बसा. नमुन्याची पानं मुंबईत पोचेपर्यंत भाव बदललेला असायचा. त्यांची ही रडकथा अण्णा स्टीअरिंगवर बसून रोज ऐकायचा. एक दिवस त्यानं मोटर दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात दिली आणि सुटे भाग आणायला म्हणून मुंबईला गेला. आठ महिन्यांनी परतला तेव्हा त्याच्याकडे सुटा भाग एकही नव्हता. विमान चालवायचं लायसन होतं.

"बेळगाव ते मुंबई," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "सकाळी निघायचं, दुपारचं जेवण मुंबईत. तंबाखूवालं तयार हाईत. टपालाचं काम बी मिळंल. फकस्त इमान पायजे."

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "ह्येला ताक दे गं. डोस्क्यात ऊन गेलंय."

विमान मिळालं. एका संस्थानिकानं हौस फिटल्यावर शेडमध्ये टाकून दिलेलं, दोन मजली पंखांचं. पुढे तीन माणसं कशीबशी मावतील एवढी बंद खोली आणि मागे उघड्यावर चालवणाऱ्याची जागा. बेळगावजवळ कंग्राळीच्या माळावर गावकऱ्यांनी दगड वेचून पट्टी करून दिली. तट्ट्यांची एक शेड उभी राहिली आणि विमान बैलगाड्यांवरून सुट्या तुकड्यांत तिथं आलं. मुंबईहून अण्णाबरोबर एक वयस्क मिस्त्रीही आला. त्याला इंग्रजी समजायचं आणि आमची मराठी अर्धीमुर्धी. इंजिन चांगलं होतं, पण पंखांवरचं कापड उंदरांनी खाऊन टाकलं होतं.

विमानाचे पंख कापडाचे असतात हे ऐकून आप्पांनी हातातला धोटा खाली ठेवला. त्यांना खरंच वाटेना. लाकडाच्या फासळ्यांवर कापड शिवायचं, त्यावर एक खास रोगण लावायचं, रोगण वाळलं की कापड ताणलं जातं आणि त्या ताणावर सगळा भार. विलायतेहून कापड मागवायचं तर तीन-चार महिने लागणार होते. आणि सरकारी तपासणीचा साहेब दीड महिन्यावर यायचा होता. त्यानं विमान पास केलं तरच अण्णाला उतारू नेता येणार होते. नाही केलं तर त्याची पुढची फेरी थेट पावसाळ्यानंतर.

"कापड इलायतीच लागतंय?" आप्पांनी विचारलं.

"तसं न्हाय. ताकद पायजे. साहेबाच्या हापिसात नमुना ताणून बघत्यात."

"मग एवडं त्वांड करून का बसलाईस?" आप्पा म्हणाले. खरं तर तो बसलेला नव्हताच. "शापुरात बसून इलायतीची वाट बघतोय!"

आप्पांनी बारीक पिळाचं सूत आणलं आणि नमुन्याची पट्टी विणली. इतकं दाट आणि इतकं एकसारखं कापड त्यांच्या मागावरून त्याआधी उतरलं नव्हतं. मी ती धुऊन दिली, अण्णा मुंबईला घेऊन गेला आणि पास करून आणली. गल्लीत आप्पांची मान अशी ताठ झाली की बोलायची सोय राहिली नाही. मग आप्पांनी आणि मी दोन माग लावले. दिवसभर विणायचं, आणि धुण्याचं काम सगळं माझ्याकडे.

हे धुणं नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. विणण्याआधी आम्ही ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, जोंधळ्याची खळ लावतो, नाहीतर सूत मागावर टिकत नाही. लुगड्यात ती खळ तशीच राहते. त्यानंच तर नव्या लुगड्याला तो ताठपणा आणि वास येतो. पण पंखाच्या कापडाला खळ चालत नव्हती.

"ह्ये बघ," अण्णानं मला बजावलं, "खळीचा कणसुदिक ऱ्हायला न्हाय पायजे. कारासोड्यात उकळ, सात पाण्यांतनं काढ. खळ ऱ्हायली तर रोगण सुतात मुरत न्हाय, वरच्यावर बसतंय."

"आणि सा पाण्यांतनंच काढलं तर?"

"तर साहेब मला धुतोय." मग तो दारातून बाहेर जाता जाता वळला. "साहेबानं सही केली की पयलं शीट तुजं. आप्पा भितील. तू बस."

"लोक काय म्हणतील?"

"लोक खाली असत्यात गं. आपुन वर."

त्या दिवसापासून माझं कशातच लक्ष लागेना. भाकरी करपायच्या. विहिरीवर घागर भरून वाहत राहायची आणि मी वर बघत उभी. मला उडायचं होतं. दुसरं काही नाही, या गल्लीवरून, या कौलांवरून, या बायकांच्या डोक्यांवरून एकदा जायचं होतं. आणि ते सगळं त्या साहेबाच्या एका सहीवर होतं.

आमच्यात नवं कापड कुणाला द्यायचं ते कोरंच देतात. पाण्यात बुडवलेलं कापड नवं म्हणून हातात ठेवत नाहीत. सवाशीण त्याच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावते आणि मग ते घरातून बाहेर पडतं. शेजारच्या काकू एकदा अंगणात वाळत टाकलेल्या कापडाकडे बघत उभ्या राहिल्या. त्या माझ्या आईच्या मैत्रीण होत्या, मनानं चांगल्या.

"भावासाठी एवडं राबत्यास त्ये बरं हाय गं," त्या म्हणाल्या. "पर निम्मं कापड तुज्या हातनं इनलेलं आणि समदं तुज्याच हातनं धुतलेलं. धुतलेलं म्हंजे वापरल्यावाणी. एवडा जीव घेऊन पोरगा आभाळात जायाचा. एक तरी पट्टी कोरी असू दे."

दुसरं कुणी बोललं असतं तर मी भांडले असते. पण काकूंच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती, आणि काळजीनं मला गाठलं. माझा हात. हा हात नवऱ्याला लाभला नाही, असं सासरी म्हणाले होते. मी त्यावर थुंकले होते, पण ते आत कुठंतरी राहिलंच होतं. चार दिवस मी नुसती घरात येरझारा घालत होते. अण्णा वर गेला आणि काही झालं तर?

शेवटची पट्टी उरली होती, डाव्या बाजूच्या खालच्या पंखाची, उतारूंच्या खोलीला लागून. एका पट्टीनं काय होणार, असं म्हणून ती मी धुतली नाही. काकूंना बोलावलं, त्यांनी कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. मग मी ती हातानं चुरडून चुरडून मऊ केली, धुतलेल्या कापडात मिसळली आणि कंग्राळीला नेऊन माझ्याच हातानं फासळ्यांवर शिवली. कुंकवाचा कोपरा आत दुमडला. मला इतकं हलकं वाटलं, की परत येताना मी चक्क गुणगुणत होते.

रोगण अण्णानं लावलं. त्याला पिकल्या केळ्यांसारखा वास यायचा, डोकं भणभणायचं. त्या घाईत त्याला काही कळलं नाही. उलट खळीमुळे ती पट्टी इतरांपेक्षा ताठच दिसत होती.

तपासणीच्या सकाळी थंडी होती. आमच्याकडे त्या दिवसांत दव असं पडतं की तट्ट्यांमधूनही आत येतं आणि सगळं ओलं होतं. माळावर निम्मी कंग्राळी आणि आमची अख्खी गल्ली जमली होती. निपाणीचे दोन तंबाखूवाले रेशमी फेटे बांधून आले होते. आप्पांनी धुवट धोतर नेसलं होतं आणि ते पुन्हा पुन्हा सगळ्यांना सांगत होते की पंख शहापूरचे आहेत. नवरा गेल्यानंतर मी पहिल्यांदाच एवढ्या लोकांत उभी होते, आणि विमानात बसायचं म्हणून अंगावरचं लुगडं घट्ट खोचून आले होते.

साहेब उंच, शांत माणूस होता. इंजिन ऐकलं, मान हलवली. तारा ओढून पाहिल्या. मग तो एकेका पंखाजवळ जाऊन बोटानं कापड वाजवू लागला. टणक आवाज यायचा आणि आप्पा दर आवाजाला माझ्याकडे बघून हसायचे. तीन पंख झाले. चौथ्यावर, खोलीला लागून, आवाज आला नाही. साहेबानं पुन्हा बोट मारलं. मग अंगठा दाबला, आणि तो खळगा तसाच राहिला. दवानं आतली खळ फुगली होती. त्यानं नखानं कड उचलली तर रोगणाचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटून हातात आला.

अण्णा पुढे झाला. उघड्या पडलेल्या कापडावरून त्यानं बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

आमच्याकडे खळ अशीच पाहतात. ताजी आहे की आंबलेली, ते जीभ सांगते. विणकराचं पोर चालायच्या आधी हे शिकतं. अण्णानं बोट तोंडातून काढलं आणि थेट माझ्याकडे पाहिलं. आप्पांकडे नाही, मिस्त्रीकडे नाही. डोळ्याला डोळा भिडला, एवढंच. मग तो साहेबाकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलला.

मिस्त्रीनं आम्हाला नंतर सांगितलं. अण्णा म्हणाला होता, रोगण माझ्या हातून बिघडलं, मी घाई केली, चूक माझी. साहेब त्याला बरंच समजुतीनं म्हणाला, की विमान चांगलं आहे, पंख दुरुस्त कर, पावसाळ्यानंतर मी येतो. आणि दुपारच्या मेलनं तो निघून गेला.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बाईचा हात लागला, आनि ती बी असली. मग काय हुनार?"

अण्णा असा उसळला की दोघांनी त्याला धरलं. "रोगण म्या कालवलं! म्या लावलं! हात माजा चुकलाय. कुनाला काय म्हनायचं असंल त्यानं फुडं येऊन म्हना!"

कुणी पुढे आलं नाही. तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण समोर काकू उभ्या होत्या, आप्पा होते, सगळी गल्ली होती, आणि माझी जीभ उचलली नाही. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. लाजेपेक्षा जास्त राग येतो, माझाच.

पावसाळा संपायच्या आत तिकडे विलायतेत लढाई लागली. साहेब आलाच नाही. त्याऐवजी सरकारी कागद आला आणि लष्कराची माणसं विमान घेऊन गेली. मोटरही विकली. अण्णा दक्षिणेत लष्करी विमानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात लागला आणि वर्षातून दोनदा घरी यायचा. दर वेळी आप्पा त्याला तेच ऐकवायचे, कधी हसत, कधी न हसता. "कापड माजं सोन्यावाणी हुतं. ह्येनं रोगण बिघडिवलं. धा मिनटं दम न्हाय ह्येला." अण्णा एक गुडघा उभा ठेवून मुकाट जेवायचा. मी वाढत असायचे. त्याच्या ताटात भाकरीवर भाकरी टाकत राहायचे आणि तो म्हणायचा, "बास बास, पोट फुटंल." आप्पा लढाईच्या शेवटच्या वर्षी गेले, ते मुलाच्या हातून चूक झाली असं समजूनच गेले.

सूत रेशनवर मिळायचं. मी वाया जाणारे तुकडे साठवायचे, गाठी मारायचे, आणि ऑर्डरीचं लुगडं उतरलं की मधल्या फटीत तेच दाट कापड हातहातभर विणायचे. कशासाठी, ते कुणाला सांगितलं नाही. विणून झालेलं सात पाण्यांतून काढायचे. मग मनाचं समाधान होईना म्हणून पुन्हा सात. सांबऱ्याकडे लष्करानं विमानांसाठी मैदान केलं होतं. आवाज आला की मी माग सोडून अंगणात यायचे आणि तो आवाज संपेपर्यंत आत जाऊ शकायचे नाही. सहा-सात वर्षांत ट्रंक अर्धी भरली.

स्वातंत्र्य आलं त्या साली दिवाळीच्या आधी अण्णा अचानक दारात उभा राहिला. कानावरचे केस पांढरे, पण पाय तेच. चपला न काढताच बोलायला लागला.

"लढाईतली इमानं इकायला काढल्यात गं. रांगनं हुबी हाईत. निपाणीचं तंबाखूवालं दोगंबी तयार हाईत. उद्याच्या गाडीनं निघतोय म्या."

मी आत गेले, ट्रंक उघडली आणि कापडाचा गठ्ठा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"ह्ये काय?"

"पंखाचं कापड. चारी पंखांस्नी पुरंल."

तो अगदी हळू म्हणाला, "आता पत्र्याची असत्यात गं. समदी पत्र्याची."

मला हसू यावं की रडू, कळेना. एवढी वर्षं मी ज्याची वाट पाहत विणत होते ते जगातूनच निघून गेलं होतं, आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. "अण्णा," मी म्हटलं, "त्या टायमाला मी..."

त्यानं कापडाचा कोपरा उचलला. बोटांत चुरडला. आणि जिभेला लावला.

"काय बी न्हाय," तो म्हणाला. "निव्वळ पाण्यागत."

"तुला त्या दिवशीच कळलं हुतं."

"खळ कळंना व्हय मला? कुनाच्या घरात वाढलोय?"

"मग बोलला का न्हाईस?" मी ओरडलेच. "आप्पा मरस्तवर तुला बोलत ऱ्हायलं! तू त्यास्नी सांगायचं हुतंस! मला तरी शिव्या द्यायच्या हुत्यास!"

"आप्पांस्नी सांगिटलं असतं तर गल्लीला कळलं असतं. त्यास्नी तेवडंच पायजे हुतं. जलमभर तुज्या हाताला बोल लावला असता त्यांनी." मग तो पहिल्यांदाच थोडा खाली टेकला, उंबऱ्यावर. "आनि तू कवा बोललीस मला? दर दिवाळीला वाट बघत हुतो म्या."

मी पदर तोंडाला लावला आणि पोटातलं सगळं तिथं उभ्याउभ्या रडून टाकलं. त्यानं मला गप्प केलं नाही. पण बसवेना त्याला. थोड्या वेळानं उठला, आणि गठ्ठा उचलून माझ्या हातात दिला.

"चल. आवर."

"कुटं?"

"गाडी उद्या हाय. तुज्या कापडाला काम हाय."

"पत्र्याला कशाला कापड?"

"खिडक्या काचंच्या असत्यात. पुसाया लागतंय की," तो म्हणाला. "पयल्या शीटची खिडकी तुजी तू पूस."

ट्रंक मी तशीच उघडी टाकली आणि चपला शोधायला लागले.